आमचा खोडखाऊ

एखादी वस्तू नेमकं काय करते हे कुणालाच माहीत नसलं की तिच्याभोवती माणसं जमतात, आणि माणसं जमली की सांगण्यासारखं काहीतरी घडतंच. आमच्या मशीनचं तसंच झालं. आम्ही म्हणजे मी, माझ्या ऑफिसातला वसंता आणि बोरिवलीच्या गावठाणातला पास्कू. पास्कूचा धंदा झाडं तोडण्याचा. साठ-सत्तरच्या त्या काळात बंगले पाडून बिल्डिंगी उठत होत्या, त्यामुळे त्याला कामाची कमी नव्हती. झाड एका दिवसात पडायचं, पण जमिनीतलं खोड उपटता उपटता चार माणसांचा आठवडा जायचा.

*

घाटकोपरला एका कंत्राटदाराचं काम संपलं आणि त्याचं यार्डातलं सामान विकायला निघालं. पास्कूला दोरखंड हवे होते, म्हणून आम्ही तिघं गेलो. कोपऱ्यात ताडपत्रीखाली दोन चाकांवर बसवलेलं इंजिन होतं आणि त्याच्या पुढे पोलादी दात असलेली जाड चकती. वसंताला ते दगड फोडायचं मशीन वाटलं, पास्कूला गवत कापायचं. मी इंजिनावरच्या नावाच्या पट्टीचा गंज पुसून अक्षरं वाचली : स्टंप ग्राइंडर. म्हणजे खोड दळायची गिरणीच की!

वॉचमनला विचारलं, चालतं का. तो म्हणाला, "चालतं. काय करतं ते मला विचारू नका."

दोरखंड राहिले, आम्ही ते मशीन घेऊन आलो.

*

पास्कूच्या अंगणात चिंचेचं जुनं खोड होतं. ट्रायल तिथेच घ्यायची ठरली. दोरी ओढून ओढून पास्कूचा खांदा भरून आला तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं. चकती खोडावर डावीउजवीकडे फिरवायची, प्रत्येक फेरीला बोटभर लाकूड जायचं. भुसा शेजाऱ्यांच्या ओट्यांवर आणि वाळत घातलेल्या चादरींवर जाऊन बसला, तरी कुणी रागावलं नाही. सगळं गावठाण बघायला उभं होतं. तासाभरात खोड गायब.

एवढ्यात पास्कूची आई टोपली आणि सुरा घेऊन बाहेर आली. पास्कू जन्मला त्याच्याही आधीपासून ती त्या खोडावर मासे कापत होती. सपाट जमिनीकडे तिने पाहिलं.

"आता म्हावरं कशावर कापू?"

पास्कूने इंजिन बंद केलं.

*

मशीनचे दात झिजायचे, तुटायचे, आणि नवे कुठे मिळत नव्हते. अंधेरीतला एक लेथवाला ते घडवून द्यायचा, पण तो दुपारीच भेटायचा. त्यामुळे वसंता ऑफिसातून हाफ डे घ्यायचा आणि अर्जात कारण लिहायचा, दातांचं काम. खोटं बोलायचं नाही, हा त्याचा बाणा. अर्ज बरेच झाल्यावर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आता किती उरलेत?"

वसंता म्हणाला, "नऊ."

साहेबांनी तेव्हापासून त्याला चहाबरोबर बिस्किट देणं बंद केलं.

*

मुलुंडला एका प्लॉटवर वडाचं खोड दळताना ठिणग्या उडाल्या आणि दोन दात एकदम गेले. खोडाच्या आत हाताच्या पंजाएवढी लोखंडी कडी होती. बाहेरून तिचा पत्ताही नव्हता, झाडाने ती गिळून टाकली होती. कडी कशी आत गेली यावर आम्ही वाद घालत बसलो.

मागच्या तबेल्यातला म्हातारा गवळी आवाज ऐकून आला. कडी हातात घेऊन त्याने फिरवून पाहिली आणि सांगितलं, वडील त्यांची पहिली म्हैस ह्याच कडीला बांधायचे. म्हशीचं नावही त्याला आठवत होतं. कडी नेऊ का, असं त्याने विचारलं, आणि न्या म्हटल्यावर धोतराच्या सोग्याने पुसत पुसत घेऊन गेला.

*

बोरिवलीतच दोन भावांची वाटणी झाली होती. हद्दीची दोरी नेमकी आंब्याच्या खोडावरून जात होती. थोरल्याने आम्हाला बोलावलं : माझ्या बाजूचं अर्धंच काढा. दोरीपलीकडे चकती एक इंचही जाता कामा नये. धाकटा आपल्या ओटीवर पेपर धरून बसला होता, पण दिवसभरात त्याने पान काही उलटलं नाही. आम्ही कलिंगड कापावं तसं खोड सरळ कापलं. थोरल्याच्या बाजूला गुडघाभर खड्डा झाला. तो बुजवायला माती आणून देऊ का, असं आम्ही विचारलं तर म्हणाला, राहू दे.

दोन दिवसांनी धाकटा पास्कूच्या घरी आला. आम्हाला वाटलं, आता ह्याचा अर्धा भाग. पण तो म्हणाला, "तो खड्डा बुजवून द्या. दादाला संध्याकाळनंतर दिसत नाही. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माती घेऊन गेलो. निम्मा खड्डा भरला असेल, थोरला बाहेर आला. कुणी पाठवलं, त्याने विचारलं. पास्कू म्हणाला, कुणी नाही, कामातच येतं ते. थोरला खड्ड्याच्या काठाशी उभा राहून आमचं काम बघत होता. धाकट्याच्या खिडकीचा पडदा जरा हलला.

थोरला तिकडे न बघता म्हणाला, "त्याला सांगा, अजून दोन टोपल्या लागतील."