औषधाची विडी

चौथीत असताना मी विडी ओढत असे, आणि तीही वर्गात, गुरुजींच्या परवानगीनं. आजचे डॉक्टर हे ऐकून कपाळाला हात लावतात. पण नागभीडकडच्या आमच्या गावात तेव्हा दम्याला डॉक्टर नव्हता, आठवडी बाजारात बसणारा एक वैदू होता. त्यानं सांगितलं, धोत्र्याची सुकी पानं टेंभुर्णीच्या पानात वळा, दम लागला की चार झुरके मारू द्या. दोनदा मला शाळेतून बाजेवर घालून घरी आणावं लागलं होतं आणि बाबा पार वैतागले होते.

"तिसऱ्यांदा बाजेवर आली त शाळा बंद," त्यांनी गुरुजींना बजावलं.

"मी पाहतो ना, भाऊ," गुरुजी म्हणाले.

पाहतो म्हणजे काय, तर खडूच्या डब्यात माझ्या विड्या. गुरुजी इतके निर्व्यसनी की सुपारीलाही शिवत नसत. पेटवताना विडी ओढावी लागते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी पाच काड्या वाया गेल्या, शेवटी मीच पेटवली. आठवड्याभरात वर्गातल्या सहा पोरांना दमा झाला. गुरुजी एकेकाच्या पाठीला कान लावत. "तुह्या छातीत काईच नाई वाजून राह्यलं. बस खाली." माझी छाती मात्र भजनातल्या पेटीसारखी वाजे. मला त्याचा केवढा तोरा होता!

मग तपासणी आली. डिप्टी साहेब येणार म्हणून शाळा झाडली, भिंतींना चुना मारला, नकाशांवरची धूळ झटकली. एवढी स्वच्छता माझ्या छातीला कुठली सोसायला? त्यात साहेब आले ते खवळूनच. आदल्या गावी त्यांना शाळेमागे पोरं विड्या फुंकताना सापडली होती.

"ज्या मुलाजवळ विडी दिसेल त्याचं नाव आजच्या आज कापा."

"होय, साहेब," गुरुजी म्हणाले. डबा त्यांच्या कोपराशीच होता.

नद्या सांगायला साहेबांनी नेमकं मलाच उभं केलं. वैनगंगा म्हटलं आणि दम अडकला. पुढची वर्धा काही बाहेर येईना. खांदे वर चढले, छाती वाजू लागली.

"पाठ नाही वाटतं," साहेब म्हणाले.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग डबा उघडला, विडी काढली आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या ओठांत धरून पेटवली.

"हे काय चालवलंय?"

"तलफ आली, साहेब. राहवत नाई."

ठसक्यानं त्यांचा जीव चालला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी माझ्याशेजारी उभे राहून ते नद्या सांगत होते. "वर्धा!" की माझ्या तोंडावर धूर. "इंद्रावती!" की आणखी धूर. साहेब खिडकीशी सरकले. पोरांना सगळं ठाऊक होतं. ती पाट्यांमागे तोंड लपवून खिदळत होती. मी आ वासून धूर गिळत होते. विडी संपता संपता छाती सुटली.

साहेब माझ्यापुढे आले. "खरं सांग, मुली. हे रोज ओढतात?"

नाही म्हटलं तर विडी कुणाची ते सांगावं लागणार, आणि नाव कापलं जाणार ते माझं. नुकत्याच परत मिळालेल्या श्वासात मी पहिलं बोलले ते खोटं.

"हो जी. रोज."

गुरुजींनी मान डोलावली, पाढा बिनचूक आला की डोलवत तशी.

परीक्षा आटोपली, मी चौथी पास झाले, आणि गुरुजींची बदली पार धानोऱ्याकडच्या जंगलात झाली. शिक्षा म्हणूनच. ते गेले त्या दिवशी बाबा आईला सांगत होते, "बरं झालं गेला थो. पोरीच्या औषधाच्या विड्या मास्तरच ओढून राह्यला होता."

मी तिथंच बसले होते. छाती अगदी मोकळी होती, आणि मी एक शब्द बोलले नाही.