लंकाबाईंच्या खांद्यावरचा हात

सत्तर-ऐंशी सालच्या नाशकात माणूस मेल्यावर जितका देखणा व्हायचा, तितका जिवंतपणी कधी होत नसे. याचं सगळं श्रेय इसाक पेंटरला. थोडं मलाही, कारण इसाकनं रंगवलेल्या माणसाला चौकट मी ठोकायचो. भद्रकालीत आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. त्याच्या पाटीवर ‘फोटो फिनिशिंग’ लिहिलेलं आणि माझ्या पाटीवर ‘गेणू फ्रेमवाला’. लोक आधी त्याच्याकडे रडत जायचे आणि मग माझ्याकडे भाव करत यायचे.

त्या काळी घरोघरी कॅमेरे नव्हते. माणूस गेला की घरचे ट्रंका उपसायचे आणि कुठल्या तरी लग्नातला, तिसऱ्या रांगेत अर्धा झाकलेला, नखाएवढा चेहरा घेऊन यायचे. स्टुडिओवाला तो मोठा करून द्यायचा, काळापांढरा आणि धुरकट. मग इसाक कापसाचा बोळा आणि बारीक ब्रश घेऊन त्यात रंग भरायचा. रंगाबरोबर लोक वाटेल ते भरून मागत. पेठकडच्या एका म्हाताऱ्यानं जन्मभर उघड्या अंगानं नागली पेरली होती, त्याला पोरांनी कोट चढवायला सांगितला. इसाकचा तो काळा कोट फार प्रसिद्ध होता. एकच कोट त्यानं निदान शंभर प्रेतांना घातला असेल, आणि कोणालाच तो आखूड झाला नाही.

इसाकच्या स्वतःच्या घरात मात्र एकही फोटो नव्हता. तसबिरी असलेल्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत, असं त्याची बायको जैतुनबी सांगायची. दिवसभर दुसऱ्यांच्या आईबापांचे गाल गुलाबी करून हा गडी संध्याकाळी कोऱ्या भिंतींच्या घरात जेवायला जायचा. मी चिडवलं की म्हणायचा, “गेणूभाई, मी तसबीर काढत नाही. निघालेली असते, तिला फक्त धुऊनपुसून देतो.”

त्याची एक पद्धत होती. फोटो पूर्ण झाला, तरी बुबुळातला पांढरा ठिपका तो सोडून द्यायचा. घरच्यांना स्टुलावर बसवायचा, हातात ब्रश द्यायचा आणि म्हणायचा, ठिपका तुम्ही ठेवा. तो ठेवला की फोटोतला माणूस एकदम बघायला लागायचा. मग गिऱ्हाईक हुंदके देई आणि इसाक चहा मागवी. एक बाई ब्रश हातात धरून दुपारभर नवऱ्याच्या तक्रारी सांगत बसली होती. चौतीस वर्षांच्या तक्रारी सांगून झाल्यावर तिनं ठिपका ठेवला, डोळे पुसले आणि हलकी होऊन गेली.

शहाऐंशी साली कुठल्याशा क्लबातल्या एका बाईंना हे कळलं. त्यांनी सभागृहात इसाकला शाल-नारळ दिला आणि तासभर भाषण केलं. याला म्हणे आर्ट थेरपी म्हणतात, परदेशात मरणाऱ्या माणसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हाती मुद्दाम रंग देतात, दुःखाला वाट मिळते, वगैरे. मग त्यांनी इसाकला माइकसमोर उभं करून विचारलं, ही पद्धत तुम्हाला सुचली कशी? इसाकनं खरं ते सांगितलं. लोक फोटो परत आणायचे, आमचे अण्णा असे दिसत नव्हते म्हणून भांडायचे. शेवटचा हात त्यांचाच असला की भांडता येत नाही. बाईंनी घाईघाईनं आभार मानले.

इतक्या वर्षांत एकच फोटो असा झाला की जो आम्हा दोघांनाही पुरून उरला. ते साल अठ्ठ्याहत्तरचं.

धोंडीराम नावाचा एक सरकारी कारकून इसाककडे आला. मूळचा सायखेड्याचा, आता नाशकात दोन खोल्या आणि पुढे अंगण अशा घरात आई आणि धाकटा भाऊ सहादू यांच्यासोबत राहायचा. बाप लहानपणीच वारलेला. आईला, म्हणजे लंकाबाईंना, पोटाचा कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी महिनाभराची मुदत सांगितली होती. धोंडीराम फोटोची ऑर्डर आधीच द्यायला आला होता. “वेळेवर धावपळ नको,” म्हणाला. साहेबाच्या बदलीचा निरोपसमारंभ ठरवावा, तसा त्यानं आईचा मृत्यू टाचणी लावून फायलीत घातला होता.

आईचा एकच फोटो होता. एकोणसत्तर साली बहीण लता मॅट्रिक झाली म्हणून स्टुडिओत काढलेला. आई खुर्चीवर बसलेली, लता मागे उभी आणि तिचा हात आईच्या उजव्या खांद्यावर. त्यानंतर तीन वर्षांनी लतानं नाशिकरोडच्या एका बौद्ध शिक्षकाशी लग्न केलं आणि या घरापुरती ती मेली. तिचं नाव घ्यायचं नाही, पत्र आलं तर फोडायचं नाही, असं धोंडीरामनं ठरवून टाकलं. कचेरीत मात्र हा गृहस्थ समतेवरच्या भाषणाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा. त्यानं इसाकला बजावलं की मुलगी कापून टाका आणि खांद्यावरच्या बोटांवर पदर चढवा.

इसाकनं कापली. धंदा म्हटल्यावर असली कापाकापी रोजची होती. बोटांवर ऑइल कलरनं हिरवा पदरही ओढला. पण काळ्यापांढऱ्यावरून अंगाचा रंग कळेना, म्हणून माणूस जिवंत आहे तोवर एकदा दाखवा, असं म्हणाला. धोंडीरामला ही कल्पना फारच सोयीची वाटली. त्यानं मलाही बोलावलं, कारण फ्रेम घड्याळ आणि कॅलेंडर यांच्यामध्ये बसायला हवी होती. आईला सांगायचं ठरलं की वैद्याची माणसं आलीत.

आम्ही गेलो. इसाकच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो आणि माझ्या हातात मोजपट्टी. असले वैद्य लंकाबाईंनी आयुष्यात पाहिले नव्हते. मी भिंत मोजायला लागलो तेव्हा त्या अंथरुणातून म्हणाल्या, “वैद्यबुवा, दुखणं माझ्या पोटात हाय, भिंतीच्या नाय.” मग हात पुढे करून फोटो मागितला. सहादूनं तोंड फिरवलं. इसाकला खोटं रंगवता यायचं, बोलता येत नसे. त्यानं कागद सोडला.

लंकाबाईंनी स्वतःकडे बराच वेळ पाहिलं. खांद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “पदर डाव्या खांद्यावरनं येतो रं बाबा. ह्या खांद्यावर कसा गेला? हितं माझ्या लताचा हात व्हता.”

सहा वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. धोंडीराम खाकरला आणि औषधाची वेळ झाली म्हणून उठला. लंकाबाईंनी पोरांशी वाद घातला नाही. इसाकला म्हणाल्या, उद्या रंग घेऊन ये, तो हात मी काढते. धोंडीराम नको म्हणणार होता, पण शेजारच्या दोन बाया दारात उभ्या होत्या, आणि मरत्या आईला त्यांच्यादेखत नको म्हणायची त्याची हिंमत नव्हती. नंतर पुसून घेऊ, असं तो माझ्या कानात म्हणाला.

मग रोज दुपारी दुकान बंद करून आम्ही दोघं तिकडे. मी कशाला जात होतो? मापं तर घेऊन झाली होती. बघवत नव्हतं आणि राहवतही नव्हतं, एवढंच सांगतो. इसाक उशीला टेकवून त्यांना बसवायचा, फोटो पाटावर ठेवायचा आणि ब्रश बोटांत धरून द्यायचा. लंकाबाईंनी जन्मात शाईचं पेनही धरलं नव्हतं. पहिलं बोट भेंडीसारखं झालं. मी इसाकला खूण केली की जरा नीट कर. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मोजपट्टी गुंडाळून ठेवली.

एकेक बोट तीनतीन, चारचार दिवस चाललं. ब्रश टेकवायच्या, थांबायच्या आणि लताबद्दल बोलायच्या. मॅट्रिकला बसायची फी भरायला धोंड्या नको म्हणत होता, मी चोरून शेंगा निवडायला जायची, ते पैसे लावले. निकालाच्या दिवशी पोरगी खांद्यावर हात ठेवून म्हणाली, आता तू बस, मी उभी राहते. तसाच फोटो काढला. हे सांगताना त्या हसायच्या. त्या तासाभरात पोट धरून कण्हणं बंद असायचं. डॉक्टर म्हणाले, माझ्या नव्या गोळ्यांचा गुण आहे. गोळ्या उशीखाली तशाच पडलेल्या मी पुढे पाहिल्या.

तिसरं बोट झालं त्या दिवशी त्यांनी धोंडीरामला सरळ सांगितलं, “पोरीला निरोप धाड. मला तिला बघायचंय.” धोंडीराम म्हणाला, पत्र टाकलंय. त्यानं टाकलेलं नाही हे त्यांना, आम्हाला आणि भिंतीवरच्या घड्याळालाही ठाऊक होतं. नाशिकरोडला दर थोड्या वेळानं बस होती. मी गेलो नाही. फ्रेमची ऑर्डर हातची जाईल, या भीतीनं मी गेलो नाही. इसाक गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लता त्याच्याबरोबर आली. रंगांची पेटी तिनंच हातात घेतली होती. धोंडीरामनं दार अर्धं उघडलं आणि हळू आवाजात म्हणाला, आईचा आत्ताच डोळा लागलाय, उद्या ये. आतून लंकाबाईंनी विचारलं, “कोण हाय रं?”

“कोणी नाही, दूधवाला,” धोंडीराम म्हणाला.

लतानं पेटी खाली ठेवली आणि गेली. दारात भांडण झालं तर आईचा जीव आत तळमळेल, म्हणून ती भांडली नाही. मी अंगणात, दारापासून दोन हातांवर उभा होतो. दार ढकलायला मला किती ताकद लागली असती? त्या एका दुपारची लाज मला अजून वाटते.

आम्ही आत गेलो. लंकाबाईंनी ब्रश मागितला. करंगळी तेवढी राहिली होती, ती त्यांनी एका बैठकीत, एकही शब्द न बोलता काढली. मग इसाकला विचारलं, “दूधवाला दुपारचा कधीपास्नं यायला लागला?” इसाकनं ब्रश धुऊन पुन्हा त्यांच्या हातात दिला. नेहमीप्रमाणे त्यानं त्यांना डोळ्यांतला ठिपका ठेवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, आता बघायचं काय उरलंय. चार दिवसांनी त्या गेल्या.

धोंडीराम त्याच दिवशी फोटो न्यायला आला आणि बोटं पुसून द्या म्हणाला. इसाकच्या हातात ऑइल कलर पुसायचा टर्पेंटाइनचा बोळाच होता. म्हणाला, “ऑइल कलर आहे साहेब, निघत नाही. खरवडलं तर कागद फाटेल, आईसुद्धा जाईल.” इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर तो धडधडीत खोटं बोलला, ते हे एकदाच. दुसरा फोटो नव्हता. धोंडीरामनं तोच नेला, आणि मीही निमूटपणे फ्रेम ठोकून दिली, काच तेवढी रंग पुरता वाळल्यावर बसवायची ठेवली.

तेराव्याला सायखेड्याची सगळी भावकी जमली. फोटो पाटावर मांडला होता आणि झेंडूचा जाडजूड हार मुद्दाम उजव्या खांद्यावर ओढला होता. इसाक आणि मी अंगणात, दारासमोर बसलो होतो. धोंडीरामची आत्या सुलाबाई, ऐंशीच्या घरातली म्हातारी, फोटोपुढे वाकली आणि हार सरळ करायला गेली. भेंडीसारखी चार बोटं सगळ्यांसमोर आली. कोणाचा हात म्हणून विचारणा सुरू झाली.

धोंडीरामला हार परत ओढायला उशीर झाला होता. पण कारकुनाला उत्तर सुचतंच. त्यानं हात जोडले आणि सांगितलं की हा सप्तशृंगीचा हात आहे. शेवटच्या दिवसांत आईला साक्षात्कार झाला, देवी येऊन खांद्यावर हात ठेवायची, तो आईनं स्वतः काढला. एवढं ऐकल्यावर बाया रांग लावूनच पुढे आल्या. हळदीकुंकवाचं ताट आलं. लंकाबाई विधवा, तेव्हा त्यांच्या कपाळाला कुंकू लागू नये म्हणून करंगळीनं अगदी जपून, फक्त त्या चार बोटांवर कुंकू वाहिलं जात होतं. थोरला मुलगा म्हणून पहिला मान धोंडीरामचा होता. ज्या हाताला त्यानं दारातून परतवलं होतं, त्याच्यापुढे त्यानं डोकं टेकलं. इसाकनं माझ्याकडे पाहिलं नाही, नाहीतर आम्ही तिथंच हसत सुटलो असतो.

तेवढ्यात लता आली. कोणी बोलावलं नव्हतं. चपलांच्या ढिगापाशी अंगणातच उभी राहिली. धोंडीराम उंबरठ्यावर येऊन आडवा उभा राहिला. म्हणाला, इथं तुझं काही काम नाही, चारचौघांत शोभा करू नकोस.

सुलाबाई कुंकवाची कोयरी हातात घेऊन त्याच्या मागे आली. अठ्ठ्याहत्तर सालची कुठलीही म्हातारी जात विसरत नसे, तीही विसरली नव्हती. पण तिनं तो फोटो स्टुडिओतून आला तेव्हाच, अख्खा, पाहिला होता. धोंडीरामच्या खांद्याजवळून हात पुढे काढून तिनं लताचा उजवा हात धरला आणि चारी बोटांना कुंकू लावलं.

“धोंड्या,” ती म्हणाली, “सकाळपास्नं हिच्या पाया पडतोस, अन् आता हिला भायेर उभी करतोस व्हय?”

भावकी बघत होती. साक्षात्काराची गोष्ट धोंडीरामनंच सगळ्यांना सांगितली होती, आता ती परत घेता येईना. तो उंबरठ्यावरून बाजूला झाला. लता आत गेली, फोटोसमोर बसली, आईच्या खांद्यावर आपला हात ठेवला आणि मोठ्यानं रडली. इसाक उठून आत गेला, खिशातून ब्रश काढून पांढऱ्या रंगात बुडवला आणि आईच्या डोळ्यांतला ठिपका ठेवायला तिच्या हातात दिला.