टिटवीपासून किती लांब

फ्रॉकच्या ओच्यात चार अंडी – मातकट, काळ्या ठिपक्यांची, एका टोकाला निमुळती – आणि डोक्यावर घिरट्या घालत आभाळ डोक्यावर घेणारी त्यांची आई... वैशाखातलं ऊन, ओढ्याच्या कोरड्या वाळूचा भाजका वास, गळ्यात सुतळीनं अडकवलेला मामाचा कॅमेरा, आणि चटके बसत असतानाही ओचा सांभाळत बांधाकडे चढणारी नऊ वर्षांची मी. अंडी कोमट होती. ते कोमटपण आठवलं की आजही हात कशाला तरी पुसावासा वाटतो.

हे सगळं परवा मिरजेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात उसळून वर आलं. मी इथल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. आठवडाभर लोकांची हाडं, आणि रविवारी हौसेनं पाखरं. कॅमेरा जुनाच घेतलेला, पण लेन्स मात्र नवी घ्यायची म्हणून तीन महिने मी घरच्यांचं डोकं खाल्लं होतं. काउंटरवर दोन लेन्सा मांडलेल्या – तीनशे मिलिमीटरची, हलकी, पर्समध्ये मावेल अशी. आणि सहाशेची, दुधाच्या किटलीएवढी जड, जिच्याबरोबर स्टँडही घ्यावा लागणार. गुडघा दाखवायला आलेले माझे वडील, आबा, शेजारच्या स्टुलावर काठी टेकून बसले होते.

"मॅडम, हौसेपुरती तीनशेची पुष्कळ झाली," दुकानदार म्हणाले. "पक्षी लहान दिसला तर दोन पावलं जवळ जायचं, त्यात काय!"

त्यात काय... मी हातातली तीनशेची खाली ठेवली.

आम्ही जत तालुक्यातले धनगर. काळ्या घोंगडीसारखा मेंढरांचा कळप, एक घोडी, दोन कुत्री, आणि कोसा-कोसावर बाभळी असलेला उघडा माळ – माझं बालपण एवढ्यात मावतं. त्याला लोकरीचा, लेंड्यांचा आणि चुलीवरच्या भाकरीचा असा एकत्र वास होता, की तो माझ्या केसांतून शाळेपर्यंत यायचा आणि पोरी नाक धरायच्या. पण आमच्या वस्तीवर आबांचा मान मोठा होता. त्यांना पावसाचं कळायचं. वारा, मुंग्या, बाभळीचा फुलोरा आणि सगळ्यांत वर टिटवी! टिटवीनं ओढ्याच्या पात्रात अंडी घातली तर पाऊस ओढ देणार, उंच बांधावर घातली तर वेळेवर नि भरपूर येणार – कारण पाण्यात अंडी वाहून जातील हे त्या पाखराला आधीच कळतं, असा आमच्याकडचा समज. उन्हाळ्याच्या अखेरीस गावाकडे थांबायचं की मेंढरं घेऊन कृष्णाकाठ गाठायचा, हे आबा टिटवी बघून ठरवायचे आणि सगळी वस्ती त्यांच्यामागून चालायची.

त्या सुट्टीत साताऱ्याचा मामा आला होता. फौजेतून निवृत्त होऊन आलेला, कडक मिशांचा. त्यानं आपला रिळाचा कॅमेरा मला खेळायला दिला, रीळही त्यातलं अर्धं शिल्लक, आणि एकच धडा दिला : "सूर्य पाठीवर घे, आणि जवळ जाऊन काढ." मला तर तो गुरुमंत्रच वाटला. टिटवीची अंडी मला ठाऊक होती, ओढ्याच्या वाळूत, दरडीच्या सावलीत. पण सावलीत फोटो कसा येणार? म्हणून मी ती उचलली आणि वीस पावलांवरच्या बांधावर, लखलखीत उन्हात, नीट गोल मांडून ठेवली. इतकी जवळ गेले, की माझीच सावली त्यांच्यावर पडत होती. तीन फोटो काढले. आता परत ठेवून यावं म्हणून वाकले, तोच मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या आणि मी पळून बाभळीमागे लपले.

आबा बांधावर थबकले. मग त्यांनी वस्तीच्या दिशेनं अशी आरोळी ठोकली, की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. "आरं, या रं हिकडं! टिटवीनं बांधावर अंडी घातल्यात! औंदा पाऊस येळंवर हाय. कुटं बी जायाचं न्हाई!"

टिटवी मात्र ओढ्यावरच ओरडत फिरत होती, बांधाकडे ढुंकूनही बघत नव्हती. ते मला दिसत होतं. आबांना त्या आनंदात दिसलं नाही.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. सांगितलं तर मार बसेल. नाही सांगितलं तर... त्यापुढचं मी मनात येऊच देत नव्हते. दुसऱ्या सकाळी अंड्यांची टरफलं उरली होती, मुंगसानं साधलं असावं. वस्तीत मात्र कुजबुज सुरू झाली होती. विहीर आटलेली, टँकरचं पाणी माणसांनाच अपुरं. चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आपलं बिऱ्हाड घोडीवर बांधून आले. "दादा, चल नदीला. आसं कुटवर थांबायचं?"

"टिटवी खोटं बोलत न्हाई रं," आबा शांतपणे म्हणाले.

आमची आई – तिला आम्ही कानडी वळणानं अव्वा म्हणायचो – घोंगडी बांधून तयार बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "सुले, तू रोज वड्याला जातीस. तू बघितलीस न्हवं? आदीपासनं कुटं हुती गं अंडी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आबांच्या चेहऱ्यावर तर केवढा विश्वास!

"बांधावर," मी म्हणाले.

अव्वानं घोंगडी सोडली. तात्यांची मेंढरं धुळीत दिसेनाशी झाली आणि आम्ही थांबलो.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी गेली. कोकरं आधी गेली, मग म्हाताऱ्या मेंढ्या. सकाळी उठून आबा एकेकीला हात लावून बघायचे, आणि मी घोंगडीतून डोळे किलकिले करून त्यांचा हात कुठे थांबतो ते बघत राहायचे. श्रावण लागता लागता त्यांनी उरलेला कळप तात्यांच्या हवाली केला. मामानं साताऱ्यात एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी लावून दिली आणि आमचं बिऱ्हाड पत्र्याच्या खोलीत आलं. तिथेच मामानं ते रीळ धुऊन आणलं. इतक्या जवळून काढलेले फोटो ते, तिन्ही धुरकट. "काय गं हे, बटाटे?" मामा हसला. मी ते फोटो चुलीत घातले.

आबा मला कधी काही बोलले नाहीत, कारण त्यांना काही माहीतच नव्हतं. पण गावाकडचं कुणी भेटलं नि थट्टेनं म्हणालं, "काय आबा, औंदा पाऊस कसा?" की ते मान खाली घालून म्हणायचे, "रेडिओला इचार." मला वाटायचं, मेंढरांचं दुःख आहे. मेंढरांचंच असणार, दुसरं काय...

"येवढी लांब नळी कशाला गं?" दुकानात आबांनी सहाशेच्या लेन्सकडे काठी केली. "तोफ हाय काय?"

"पाखराजवळ जायला नको म्हणून, आबा."

"का? जवळ गेलं म्हणून काय हुतंय?"

आणि मग माझा बांध फुटला. दुकानदारासमोर, लेन्सांची झाकणं हातात धरून, मी सगळं सांगून टाकलं – ओढा, दरड, ओचा, बाभळ, अव्वाचा प्रश्न. अव्वा आता नाही. तिला सांगायचं राहूनच गेलं. दुकानदार बिचारे उगीचच कपाट आवरायला लागले. आबा किती तरी वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. आता ते मेंढरांबद्दल विचारतील, म्हणून मी तयार होते.

"म्हंजी... टिटवी वड्यातच बसली हुती?"

"हो."

"म्हंजी ती बराबर हुती," ते हळूच म्हणाले. "आन् मी बी." "आगं, मला वाटलं माजंच ग्यान खोटं. बापानं शिकिवलेलं समदं खोटं. म्हणून सोडली मी मेंढरं. दुष्काळ काय, आदी बी बघितल्यालं. आदी सांगायचंस की गं, पोरी..."

मी माणसाची मेंढरं मारली, असं समजत आले होते. त्याची विद्या मारली होती, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याची लाज मला शब्दांत सांगता येत नाही.

सहाशेची घेतली. दुकानाबाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही उभे होतो. पश्चिमेकडून ढग चढत होते, वारा पडला होता. मी धीर करून विचारलं, "आबा, सांगा ना. कवा येईल?"

त्यांनी मान वर केली. कपाळावर हात धरून, ओठ हलवत, ते ढगांकडे बराच वेळ बघत राहिले. रिक्षा आली, थांबली, तरी बघतच होते.

"न्हाई गं उमगत," ते म्हणाले. "लय वर्सं बघितलंच न्हाई."