मल्लव्वाच्या गोळ्यांना वाटणी नाही

हुपरीत पैंजण कोणी एकटा करत नाही. एका घरात तार ओढतात, दुसऱ्यात कड्या वळतात, तिसऱ्यात त्या जोडतात. मल्लव्वा कड्या जोडायची. नवरा शिवप्रसाद एड्सनं गेला आणि थोरला दीर पंचाक्षरी यानं तिचं ताट-तांब्या वेगळं काढलं. तिनं जोडलेले पैंजण मात्र त्यानं स्वतःच्या लेकीच्या पायात घातले. हातचं पाणी विटाळतं, हातची चांदी नाही! मल्लव्वा त्याला मनातल्या मनात 'सोवळं मांजर' म्हणायची.

नवऱ्याचा जीव याच शहाण्यानं घेतला, असं तिचं ठाम मत. नव्याण्णव साली डॉक्टरांनी तीन औषधं लिहून दिली, तर हा म्हणाला, "तिन्ही एकदम कशाला? काम वाटून दिलं की हलकं हुतंय. ह्या महिन्यात हे, फुडल्या महिन्यात ते." शिवप्रसाद चार महिने तरतरीत दिसला. मग आजार औषधांना भीक घालेना.

दोन हजार सहात मल्लव्वाच वाळून काडी झाली. रक्तात लढणाऱ्या पेशी पाचशेच्या वर हव्यात, तिच्या उरल्या अडतीस. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट सुरू झाल्या होत्या. तिथल्या संघप्रिया मॅडमनी समजावलं, "एका गोळीत तीन औषधं. सकाळी एक, संध्याकाळी एक. एकेकट्या औषधाला विषाणू पुरून उरतो, तिन्ही मिळूनच त्याला दाबतात. एकही चुकवायची नाही."

"तुमच्या नवऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं का?" मॅडमनी विचारलं.

"सांगितलंतं की. पर घरात शहाणा हुता न्हवं!"

सहा महिन्यांत पस्तीस किलोची मल्लव्वा पंचेचाळीसची झाली. आणि एका दुपारी पंचाक्षरी तिचा उंबरा ओलांडून आत आला. गालफडं बसलेली, जिभेवर पांढरा थर.

"पानी दे जरा."

तिनं आपल्याच तांब्यातलं दिलं. तो घटाघटा प्याला.

"इटाळ न्हाय न्हवं झाला, भावजी?"

"बेळगावात रगात तपासलं. मलाबी हाय." त्यानं मान खाली घातली. "तुझी सकाळची गोळी तू घे, संध्याकाळची मला दे. दोघंबी जगू."

"दोघंबी मरू की! वाटून वाटून एकाला घालवलासा, आता माझा नंबर व्हय?"

"आगं, रांगेत कसा हुबा ऱ्हाऊ? सगळी हुपरी वळखती मला."

"मी ऱ्हातीया. माझं नाक काय गळून पडलं?"

"तुझं येगळं. तुला काय अब्रू..."

"बोला की, थांबलासा का? गोळी एकबी मिळायची न्हाय. उद्या सातची गाडी हाय. यायचं तर या, न्हायतर घरच्यास्नी खड्डा काढायला सांगा."

तो आला. भर मे महिन्यात तोंडाला मफलर. गाडीत तिच्यापासून सहा बाकं लांब बसला. दवाखान्यात नाव सांगितलं 'जोतीराम'. मग मॅडम 'जोतीराम, जोतीराम' हाकारत राहिल्या आणि हा ढिम्म.

"भावजी, उठा!" मल्लव्वा कडाडली. "सोंग घेतलंय ते पाठ तरी करायचं!"

रांग खो खो हसली. तो धडपडत उठला.

"खरं नाव काय, काका?"

"पंचाक्षरी."

"मोठ्यानं सांगा," मल्लव्वा म्हणाली. "कार्डावर खोटं पडलं तर जन्मभर जोतीराम म्हनून गोळ्या गिळाव्या लागतील."

त्यानं मोठ्यानं सांगितलं.

मल्लव्वानं आपली महिन्याच्या गोळ्यांची भरलेली बाटली घेतली. परतीच्या गच्च गाडीत शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली आणि ती काही उचलली नाही. भावजी दांडी धरून उभे राहिले, हुपरीपर्यंत.