पिंपाची तोटी

रहाटणीच्या विहिरीला दगडी ओटा होता, पण तो केसरबाईसाठी नव्हता. घागर खाली ठेवायची, दोन हात लांब उभं राहायचं आणि ओट्यावरच्या एखादीनं पाणी घातलं की घरी यायचं. छप्पन साली तिच्या घरानं धम्म घेतला, कायदा तर त्याआधीच झाला होता. विहिरीला मात्र दोन्हींतलं काहीच कुणी कळवलं नव्हतं.

नवरा साहेबराव पिंपरीच्या एका फाउंड्रीत वाळूच्या साच्यांच्या कामाला. अडुसष्ट साली ओव्हरटाइम करकरून त्यानं घरावर पत्रे घातले. त्यावरून वाहून जाणारं पाणी बघून केसरबाईनं ठरवलं, की पावसाळ्याचे चार महिने तरी विहिरीवर उभं राहायचं नाही.

साहेबरावानं पन्हळ लावली, एक जुनं पिंप घासूनपुसून खाली पितळी तोटी बसवली. आत खडी, कोळसा, वर वाळू. वाळू कंपनीनं टाकून दिलेली. इतकी मऊ वाळू नदीला सात जन्मांत जमायची नाही, असं त्याचं मत. तिच्यात चिकणमाती आणि कोळशाची पूड असते, हे तो ती रोज आठ तास स्वतःच कालवत असल्यामुळं त्याच्या ध्यानात आलं नाही.

तोटीतून काळं पाणी आलं. त्याच्याच शिफ्टचा शेजारी भिवा वाकून बघत म्हणाला, "चहा झालाय राव. साखर तेवढी टाका."

साहेबरावाच्या मते ते मुरल्यावर निवळणार होतं. चार दिवस मुरलं. पाचव्या दिवशी केसरबाई घागर घेऊन विहिरीवर गेली, तेव्हा ओट्यावरच्या गोजाबाईनं कंपनीचं पाणी आटलं का म्हणून विचारलं. बायका हसल्या.

घरी येऊन केसरबाईनं पिंप आडवं केलं. पवनेकाठची जाड वाळू आणून निवळ पाणी निघेतोवर धुतली, चुलीतला कोळसा कुटून धुतला, पिंपाच्या तोंडाला लुगड्याचं चौपदरी फडकं बांधलं. वाळू कुठली, हे साहेबरावानं विचारलं नाही. पाणी स्वच्छ आलं. पिण्यापुरतं ती उकळून घेई.

श्रावणात ओढा विहिरीत शिरला. तिसऱ्या दिवशी गोजाबाई दारात आली. घरात सून बाळंतीण होती. अंगणात घागर ठेवून ती दोन हात लांब सरकली.

"घाल गं केसर, लांबूनच."

वरून पाणी घालायची संधी केसरबाईला आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. तिनं हात पदराखाली घेतले.

"तोटी हाय, गोजाबाई. तुमच्या हातानं सोडा."

गोजाबाईनं तोटीकडं पाहिलं, मग गल्लीकडं पाहिलं आणि तोटी फिरवली. धार बारीक होती. घागर भरेपर्यंत केसरबाई तिच्याशेजारी उभी राहून बाळंतिणीची चौकशी करत होती.

कार्तिकात पिंप आटलं. केसरबाई विहिरीवर गेली ती थेट ओट्यावर चढली. बायकांनी गोजाबाईकडं पाहिलं. गोजाबाईनं दोराचं टोक तिच्याकडं सरकवलं आणि तोटी ठिबकते, वायसर बदलून घे, म्हणून सांगितलं.