नंदीच्या गळ्याशी पाणी

आमच्या नदीकाठच्या वस्तीत पूर आल्याचं आधी चुलीला कळायचं. ती विझली की आम्ही पळायचो. शेरडं मागेच राहायची. घरातली पहिली पदवीधर मी, वस्तीचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला. नदीच्या वरच्या अंगाला राहणारी मावशी त्यावर तिथल्या घाटावरच्या दगडी नंदीचे फोटो टाकते. आईला अक्षर येत नाही, नंदी मात्र वाचता येतो. परवा ती फोनमधल्या पाण्यावरून हलकेच बोट फिरवत होती. मला वाटलं, नदी आता आधी आईच्या तळहातावर उतरते आणि मग दारात येते.

“गळ्याला लागलं की गं पाणी! बघत काय बसलीस, ग्रॅज्युएट बाई? शेरडं सोड!”

संध्याकाळी पाणी घरात शिरलं, तेव्हा घरात कुणीच नव्हतं. शेरडंसुद्धा नव्हती.