पिवळं घर, पंधरा मिनिटं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळात माणसं देश बघत नाहीत, देश करतात. ‘आम्ही आइसलँड केलं,’ असं कोणी म्हटलं की समोरचा ‘आम्ही दोन वर्षांपूर्वीच केलं,’ म्हणून मोकळा होतो आणि त्या देशाचा विषय तिथेच मिटतो. या सगळ्या करण्यामागे बरीच वर्षं मी होतो. मंडळाचा सहलप्रमुख. तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे एकच कला शिल्लक होती, ती म्हणजे एक्सेलची शीट करणं. साडेसहाला चहा, सातला बस, आठ चाळीसला धबधबा, वीस मिनिटं, त्यात बाथरूम धरून. माझ्या शीटमध्ये धबधबासुद्धा वेळेवर पडायचा.

हे सांगायचं कारण असं, की माझ्या मुलीनं मला घरी बोलावलं आणि मी त्याचीही शीट केली.

मुलगी इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. रविवारच्या मराठी शाळेत तिला मी ओढून न्यायचो आणि ती गाडीत तोंड फुगवून बसायची. पुढे ती माशांचा अभ्यास करायला लागली. आमच्या ओळखीतली इतर मुलं चिप आणि क्लाउड करत असताना ही मासे करत होती, ते आम्ही ‘बायो साइडला आहे’ असं सांगून निभावलं. तीन वर्षांपूर्वी ती ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या काठी एका छोट्या गावात सहा महिन्यांच्या कामासाठी गेली आणि परत आली नाही. म्हणजे दिवाळीला यायची, दहा दिवस राहायची, जायची. आम्ही सगळ्यांना सांगत होतो, ‘प्रोजेक्ट आहे, पुढच्या वर्षी संपेल.’ बायकोही शब्दन् शब्द तेच सांगायची, जणू आम्ही पाठ केलं होतं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिनं तशी ताकीद दिली आहे, आणि माझा पूर्वेतिहास बघता ती बरोबरच आहे.

या तीन वर्षांत तिनं आम्हाला ‘या’ असं कधी म्हटलं नव्हतं. मला ते लागायचं, पण मी ते बायकोलाही बोलून दाखवलं नाही. मग गेल्या फेब्रुवारीत फोनवर ती एकदम म्हणाली, जूनमध्ये याल का, तेव्हा पाणी चढलेलं असतं, घराच्या दारातून होडीत बसता येतं. आणि दोन दिवसांनी तिनं अकरा पानांची एक पीडीएफ पाठवली. इंग्रजीत. वर मथळा होता, त्याचा अर्थ साधारण असा: ‘कोणीच जात नाही त्या गावाला कसं जावं. एका स्थानिक बाईचं मार्गदर्शन.’

आधी मला गहिवरून आलं. मग मी पानं चाळली. प्रत्येक भागाला ठळक अक्षरात शीर्षक होतं, खाली परिच्छेद होते, शेवटी नकाशा होता. माझा ऊर भरून आला तो इथे. वाटलं, माशांच्या नादी लागली तरी पोरगी डॉक्युमेंट बापासारखं करते. आता, डॉक्युमेंट कसं वाचायचं हे मला नोकरीनं शिकवलं होतं. ठळक अक्षरं वाचायची, बाकीचं कोणीतरी वाचलेलं असतं. मी अकराही पानांची शीर्षकं कॉपी केली आणि शीटमध्ये टाकली. बंदर. बाजार. बुडालेलं जंगल. डॉल्फिन. पिवळं घर. एकेका ओळीपुढे वेळ लिहिली. तासाभरात गाव झालं.

बायकोनं मात्र ती पानं प्रिंट करून दोन दिवस वाचली, चष्मा लावून, हळदीच्या बोटांनी. वाचून झाल्यावर ती मला म्हणाली की हे आपल्या दोघांसाठी लिहिलंय. मी म्हटलं, हो, पण चार माणसं आली बरोबर तर काय बिघडलं, उलट तिला बरं वाटेल. बायको काही बोलली नाही. आमच्या घरात त्या न बोलण्याला अर्थ असतो आणि तो समजूनही न समजल्यासारखं करण्याचा मला तीसेक वर्षांचा सराव आहे. मी शीट मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, ‘ऑफबीट अ‍ॅमेझॉन. लोकल गाइड घरचीच.’

संध्याकाळपर्यंत बावीस नावं आली.

लोकांच्या उत्साहाचं कारण उघड होतं. हे गाव अजून कोणीच केलेलं नव्हतं. मोठ्या शहरातून निघालेली बोट दोन रात्री प्रवास करून तिथे पोचते, अंड्यांचे ट्रे आणि गॅसच्या टाक्या उतरवते आणि पुढे जाते. पर्यटक त्या वेळी बोटीवर आपापल्या हॅमॉकमध्ये, म्हणजे टांगलेल्या झोळीत, आडवे असतात, मान वर करून बघतसुद्धा नाहीत. असं गाव करून आलं की पुढची पाच वर्षं मंडळात कोणी वर तोंड करून बोलणार नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. ग्रुपवर लगेच कामं वाटली गेली. मेथीचे ठेपले कोणाकडे, चिवडा कोणाकडे, इलेक्ट्रिक कुकर कोण आणणार. जंगलात प्लग असेल का, असं एकानं विचारलं, तर त्याला तीन जणांनी अ‍ॅडॉप्टरच्या लिंक पाठवल्या. आमच्या बायकोच्या वाट्याला साबुदाणा आला, कारण मधेच एक चतुर्थी पडत होती.

मुलीला मी फोन करून सांगितलं की थोडी मंडळी वाढली आहेत, एकदा व्हिडिओवर सगळ्यांशी बोल. तिनं आकडा विचारला, मी सांगितला. मग म्हणाली, “ओके बाबा. तुला हेल्प होणार असेल तर.” तिचा आवाज मला नेहमीसारखाच वाटला. मला बहुतेक आवाज नेहमीसारखेच वाटतात.

रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात निम्मी मंडळी जमली, निम्मी आपापल्या घरून स्क्रीनवर आली. मुलगी समोर, मागे लाकडी भिंत, कुठेतरी कोंबडा ओरडत होता. तिनं सगळ्यांना काका, काकू, मावशी म्हणून नमस्कार केला. सगळ्या मावश्यांना तिचं मराठी ऐकून भरून आलं आणि तिचे हात किती काळे झालेत हेही त्यांनी तिला लगेच सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. चहा मिळेल का. दूध पिशवीतलं की पावडरचं. पिरान्हा मासे बोटीत उडी मारतात का. एका काकूंनी गुडघ्यावर हात ठेवून विचारलं की हॉटेलला लिफ्ट आहे ना. मुलीनं सांगितलं की हॉटेल नाही, घरं सगळी खांबांवर आहेत, वर जायला शिडी असते. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि मग विचारलं की शिडीला लिफ्ट नाही का. डॉल्फिन गुलाबी असतात हे कळल्यावर एका काकांना हमी हवी होती. नाही दिसला तर काय, असा त्यांचा मुद्दा होता. मुलगी हसून म्हणाली की नदी आहे काका, तिला ऑर्डर देता येत नाही. सगळे हसले. मीही हसलो. पोरगी कशी सांभाळून घेतेय, असं मला वाटलं.

मग मी शीट स्क्रीनवर लावली. हे माझ्या आवडीचं काम. एकेक ओळ वाचत गेलो. तिसऱ्या दिवसापाशी आलो तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी हात वर केला. ते पूर्वी पुण्यात कारखान्यात प्लॅनिंगला होते आणि वाया जाणारा वेळ त्यांना वासावरून कळतो.

“बाळा,” ते म्हणाले, “हे चार वाजता ‘पिवळं घर, फोटो स्टॉप, पंधरा मिनिटं’ लिहिलंय. ते वर्थ आहे का? नाहीतर ते स्किप करू आणि डॉल्फिनला जास्त वेळ देऊ.”

मुलगी स्क्रीनवर ती ओळ वाचत होती. तिला वाचायला जितका वेळ लागायला हवा होता त्याहून जास्त लागला.

“इट्स ओके, काका,” ती म्हणाली. “स्किप करा.”

नंतर ती दोन-तीन प्रश्नांना उत्तरं देऊन गेली. तिकडे नेटवर्क जातं, असं मी सगळ्यांना सांगितलं. पिवळं घर मी शीटमधून काढलं आणि डॉल्फिनचा वेळ वाढवला. मंडळी पोहे खाऊन, उरलेले डब्यात भरून घेऊन गेली.

दार लावून मी वळलो तर बायकोनं डायनिंग टेबलावर प्रिंट केलेलं नववं पान ठेवलं होतं. ती स्वयंपाकघरात निघून गेली, भांडी जरा जास्तच आवाज करत घासायला लागली. मी उभ्या उभ्याच वाचलं. ठळक अक्षरांत ‘पिवळं घर’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत जे लिहिलं होतं त्याचं मराठी मी माझ्या परीनं करतो:

‘बंदरापासून निघालेली फळ्यांची वाट संपते तिथे. मालकीण फ्रीमाँटची आहे. घर तिनं गेल्या वर्षी घेतलं, रंग स्वतः दिलाय, म्हणून छताजवळचा कोपरा राहिलाय. भिंतीत दोन हॅमॉकसाठी हुक ठोकलेत. पिठाचं भरलेलं पोतं रात्रभर टांगून ठेवलं होतं, काही होत नाही. इथे बघण्यासारखं काही नाही. कितीही दिवस राहिलात तरी चालेल.’

मला लाज वाटली. दुसरा कुठलाही शब्द तिथे चालणार नाही. तीन वर्षं ही पोरगी आपल्याला का बोलावत नाही म्हणून मी मनात कुढत होतो. ती घर तयार व्हायची वाट बघत होती. तयार झाल्यावर तिनं बोलावलं, थट्टेचा आव आणून, कारण सरळ बोलणं आमच्या घरात कोणालाच जमत नाही. आणि मी तिच्या घराला जणू बसमधून उतरून फोटो काढण्यापुरता वेळ दिला होता. तोसुद्धा नंतर काढून घेतला, तिच्यासमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ऐन वेळी एवढंच आलं, “मी वाचलंच नव्हतं गं.”

“आय नो, बाबा. तू कधीच खालचं वाचत नाहीस.”

“आता वाचलं.”

“सगळं?”

“सगळं. पोत्याचंसुद्धा.”

 तिकडे तोच कोंबडा ओरडत होता. मग ती म्हणाली, “मग या ना. पण हॅमॉक दोनच आहेत.”

मंडळाची सहल कॅन्सल करणं अवघड जाईल असं वाटलं होतं. खरं सांगायची माझी हिंमत नव्हती. मी ग्रुपवर लिहिलं की चौकशी केली, त्या गावात लिफ्ट खरंच नाही आणि डॉल्फिनची हमी कोणीच देत नाही. दोन तासांत बावीसच्या बावीस माणसं अलास्काच्या क्रूझवर गेली. क्रूझवर चहा होता. सहलप्रमुखाचं काम त्या प्लॅनिंगवाल्या काकांनी आनंदानं घेतलं, आणि त्यांची शीट माझ्यापेक्षा चांगली होती, त्यात रंग होते.

जूनमध्ये आम्ही दोघंच गेलो. बायकोनं साबुदाणा बॅगेत टाकलाच. चौथ्या पानावर मुलीनं लिहिलं होतं की खायचं काही आणू नका, साबुदाणा तर नकोच, ज्या कंदाचा तो होतो तो इथल्याच मातीतला. बायकोनं ते वाचलं होतं, तरी टाकला, कारण वाचणं वेगळं आणि चतुर्थी वेगळी. शेजारची बाई बंदरावर त्याच कंदाच्या पिठाच्या पांढऱ्या पोळ्या तव्यावर करून विकते. तिनं आमची पिशवी उघडून हातात दाणे घेतले, वास घेतला आणि इतकी हसली की तिला बसावं लागलं. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या खिचडीत खोबरं किती घालायचं यावर भांडत होत्या.

मी बारा दिवसांत काहीही केलं नाही. डॉल्फिन एकदा दिसला, म्हणजे पाठ दिसली, आणि मी कॅमेरा काढेपर्यंत गेला. बाकी वेळ हॅमॉकमध्ये पडून छताजवळचा न रंगवलेला कोपरा बघत होतो. शेवटी मुलीकडे ब्रश मागितला आणि तो कोपरा रंगवून टाकला. तिथे वर उभा राहिलो असताना ती खाली शिडी धरून होती. मी दुसऱ्या हातानं छताचा वासा घट्ट धरला होता ते तिनं बघितलं असावं. ती म्हणाली, “बाबा, पुढे तुम्हा दोघांना शिडी जमणार नाही. मी सुताराशी बोललेय. मागच्या बाजूनं रॅम्प होईल.”

मी ब्रश फिरवत राहिलो. पुढे म्हणजे किती पुढे, हे मी विचारलं नाही. रॅम्प कोणी एका वर्षासाठी बांधत नाही.

ऑगस्टमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता. अलास्का करून आलेल्यांनी मोठ्या पडद्यावर हिमनद्या दाखवल्या. मध्यंतरात गुडघ्यावाल्या काकू माझ्याशेजारी बटाटेवडा घेऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं की तुमची अ‍ॅमेझॉन कशी झाली, काय काय केलं. मी म्हटलं, एक कोपरा रंगवला. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, लेक कधी येतेय परत, प्रोजेक्ट पुढच्या वर्षी संपतोय ना?

पाठ केलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. पलीकडे बायको चहाचा कप धरून माझ्याकडे बघत होती.

“नाही काकू,” मी म्हटलं. “ती तिथेच राहते. तिचं घर आहे तिथे.”